मधली मॅट

हाफ मॅरेथॉनच्या निकालाच्या एक्सेलमधली एक ओळ घ्या. पाच किलोमीटर ३१:४०, दहा किलोमीटर १:०५:१०, पंधराचा रकाना रिकामा, फिनिश १:४६:२०. या वेळा टिपते ती रस्त्यावर अंथरलेली मॅट, बिबवरची (छातीवरच्या नंबराच्या कागदावरची) चिप वाचून. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी रचलेत, पण या धाटणीच्या ओळी खऱ्या निकालांत असतात आणि त्या वाचता आल्या की धावण्यातली निम्मी लबाडी घरबसल्या कळते.

गणित करू. पहिल्या दहा किलोमीटरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागलेला वेळ, ६:३१. हाफ २१.०९७५ किलोमीटरची, म्हणजे उरले ११.०९७५ किलोमीटर, ते ४१ मिनिटं १० सेकंदांत, म्हणजे पेस ३:४३. साडेसहाने रेटत आलेला माणूस उन्हं वर आल्यावर पावणेचारच्या आत धावायला लागत नाही. आता उलटं करून बघा. तो थोडा जोर लावून, समजा ६:१४ ने धावला असेल, तर ४१:१० मध्ये बरोबर ६.६ किलोमीटर होतात. म्हणजे साडेचार किलोमीटर गायब. आणि साडेचार किलोमीटर गायब होतात ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: यू-टर्नला. टर्नच्या सव्वादोन किलोमीटर अलीकडे डिव्हायडरला फट असली की जाण्याचे सव्वादोन आणि येण्याचे सव्वादोन, दोन्ही वाचले.

बडोदेकरांनी हे मनातल्या मनात करून बघावं. अकोटा-दांडिया बाजार पुलावरून पलीकडे जाऊन त्याच रस्त्याने परत यायचं, असा तुकडा कोणी आखला असं धरा. जाणारे डावीकडे, येणारे उजवीकडे, मध्ये कठडा. पुलावर कोणी कठडा ओलांडत नाही, सगळ्यांना दिसतं. पूल संपला, रस्ता फुटला, चहाच्या टपरीपाशी चार माणसं उभी आहेत, तिथे एक जण बुटाची लेस बांधायला वाकतो आणि उठतो तो परतीच्या घोळक्यात. दहा सेकंदांचं काम. नवलखी मैदानावरच्या फिनिशला उभं राहून हे कधीच दिसणार नाही, तिथे सगळेच घामेजलेले असतात.

म्हणून मॅट टर्नवरच हवी. पाच, दहा, पंधरा अशा गोल आकड्यांवर मॅट टाकणं दिसायला छान, टीव्हीला सोयीचं. पण पंधराची मॅट टर्नपासून दोन किलोमीटर अलीकडे असली तर लबाडाने काय करावं? मॅट ओलांडावी आणि मग कापावं. मोजक्याच मॅट परवडत असतील तर पहिली फिनिशला, दुसरी सगळ्यात लांबच्या टर्नला, तिसरी दुसऱ्या टर्नला. गोल आकडे उरल्या पैशांत. टर्नला मॅट नसेलच, तर तिथे एक माणूस फोनवर सलग व्हिडिओ काढत उभा करा, बिब दिसतील अशा उंचीवर. तेही नसेल, तर रंगीत रबर बँड मनगटात घालायला द्या, आणि कोणत्या टर्नला कोणता रंग हे आदल्या दिवशी जाहीर करू नका. गावाकडच्या शर्यतींत ही युक्ती जुनीच आहे, आणि चालते.

आता उलट बाजू, कारण रिकामा रकाना बघून लोक लगेच चोर ठरवतात. चिप मॅटवर वाचली न जाणं रोजचं आहे. बिबमागे चिकटवलेली पट्टी ही यूएचएफ टॅग (रेडिओ लहरींवर वाचली जाणारी चिप) असते, आपल्याकडे साधारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारी. या लहरी पाणी शोषतं, आणि माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून टॅगखाली फोमची पट्टी असते, अंग आणि अँटेना यांच्यात फट राहावी म्हणून. लोक तो फोम ‘टोचतो’ म्हणून काढून टाकतात. बिब दुमडून पिन लावतात, त्यावर पाण्याच्या बाटलीचा पट्टा बांधतात, विंडचीटर चढवतात. काही जण बिब पाठीवर लावतात. शिवाय तीस जण एका वेळी मॅटवर आले की मधल्या एखाद्याची चिप सुटते. म्हणून रिकाम्या रकान्याच्या दोन्ही बाजूंचा पेस बघायचा. वरच्याच ओळीत फिनिश २:२०:३० असतं, तर दहानंतरचा पेस ६:४७ निघतो. थोडा गळालेला, नेहमीचा माणूस. त्याला सोडून द्या.

संशय घ्यायचा तो दोन गोष्टी एकत्र आल्या तर: मधला रकाना रिकामा आणि त्याच तुकड्यात पेस उडी मारतो. मग तिसरी पायरी, फोटो. छायाचित्रकार कुठल्या किलोमीटरला उभे होते ते आयोजकांना माहीत असतं, आणि टर्ननंतरच्या ठिकाणी त्या बिबचा फोटो आहे की नाही ते दोन मिनिटांत कळतं. चौथी पायरी, शेजारी. दहा किलोमीटरच्या मॅटवर त्याच्या आगेमागे पाच सेकंदांत असलेले दहा जण काढा. ते फिनिशला कुठे आहेत? सगळे सव्वादोन-अडीच तासांत आणि हा एकटा पावणेदोनच्या आसपास असेल, तर आता त्याला विचारायला हरकत नाही. आधी विचारा, मग काढा. काही जणांना टर्नवरच्या व्हॉलंटिअरनेच चुकीचं वळवलेलं असतं.

रोझी रुइझचं प्रकरण सगळे सांगतात, पण त्यातली कामाची गोष्ट कोणी सांगत नाही. १९८० ची बॉस्टन मॅरेथॉन, वेळ २:३१:५६, बायकांत पहिली. फिनिशला घामही धड नाही, आणि मुलाखतीत इंटरव्हल ट्रेनिंगबद्दल विचारल्यावर ते काय असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे शेवटच्या किलोमीटरभराच्या आतच ती गर्दीतून रस्त्यावर आली होती. आठ दिवसांनी तिचं नाव काढलं आणि जेतेपद कॅनडाच्या जॅकलीन गारोला मिळालं, २:३४:२८. पण तिला पकडलं कशाने? चिप नव्हती, बॉस्टनला चिप आली १९९६ साली. रस्त्यावर उभे राहून नंबर टिपणाऱ्यांच्या वह्यांत तिचा नंबर नव्हता, मधल्या फोटोंत ती नव्हती. वही हीच तेव्हाची मधली मॅट. बॉस्टनसाठी पात्र ठरवणारी १९७९ च्या न्यूयॉर्कची तिची वेळही नंतर रद्द झाली. तिथे ती भुयारी रेल्वेने गेली होती.

माणूस बदलला असं समजू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या शेनझेन हाफ मॅरेथॉनमध्ये २५८ जण सापडले: २३७ जणांनी मधल्या झाडीतून रस्ता कापला, १८ जणांचे बिब बनावट, तिघे दुसऱ्याच्या नावावर. रस्ता कापणारे दिसले ते वाहतूक पोलिसांच्या कॅमेऱ्यात. मेक्सिको सिटीत २०२३ मध्ये सुमारे ११,००० धावपटूंवर बाद होण्याची वेळ आली, मधल्या मॅट न लागल्यामुळे. अकरा हजार! एवढ्यांना बक्षीस मिळणार नव्हतं. हवं होतं ते मेडल आणि फोटो.

जिथे मॅट आंधळी असते ती लबाडी वेगळी: बिब एकाचा, पाय दुसऱ्याचे. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्समध्ये, म्हणजे नव्वदेक किलोमीटरच्या शर्यतीत, १९९९ साली दोन दिसायला सारख्या भावांनी वाटेत संडासात कपडे बदलून आळीपाळीने शर्यत पुरी केली आणि नववा नंबर काढला. पेस सरळ, स्प्लिट (मधल्या मॅटवरच्या वेळा) सगळे जागेवर. सापडले ते फोटोंमुळे: एका फोटोत घड्याळ एका मनगटावर, दुसऱ्यात दुसऱ्या.

आपल्याकडे याचं घरगुती रूप म्हणजे वयोगट. ५० वर्षांवरच्या काकांच्या नावाचा बिब आणि धावतोय पुतण्या. कधी काकांचा गुडघा दुखत असतो आणि ‘बिब वाया कशाला’ एवढाच निष्पाप विचार असतो. पण वेटरन गटाचं बक्षीस पुतण्याच्या वेळेला लागतं आणि तिसरा आलेला खरा साठीतला माणूस चौथा होतो. दुसरं याहून वाईट. बिबच्या मागे रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा फोन लिहिलेला असतो. पुतण्या चक्कर येऊन पडला तर डॉक्टर काकांचा रक्तगट वाचतात आणि फोन काकूंना जातो. बिब देताना मूळ आधारकार्ड बघणं आणि वयोगटातल्या पहिल्या पाचांना बक्षिसाआधी तेच कार्ड पुन्हा मागणं, एवढ्याने हे जवळजवळ थांबतं. मित्राच्या हाती बिब मागवायची सोय बंद केली की लोक चिडतात. चिडू द्यावं.

आता आयोजकांची लबाडी, किंवा बहुतेक वेळा आळस: अंतर. ‘माझ्या घड्याळात २१.३५ आलं, कोर्स मोठा होता’ ही तक्रार दर रविवारी सेवउसळीच्या टेबलावर ऐकू येते आणि जवळजवळ नेहमी चुकीची असते. घड्याळ जीपीएसचे ठिपके जोडतं, आणि मांडवीच्या आसपास उंच घरांमधून जाताना ते ठिपके नाचतात. शिवाय तुम्ही वळणाला बाहेरून गेलात, पाण्याच्या टेबलाकडे वाकडे गेलात, ते अंतर तुमचं. कोर्स मोजतात तो सगळ्यात छोट्या शक्य वाटेने, वळणाच्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवरून, एका वळणाच्या आतून दुसऱ्याच्या आत तिरपं जात.

मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर बसवतात. चाकाच्या एका फेऱ्यात तो साडेतेवीसहून थोडे जास्त आकडे मोजतो, म्हणजे एक आकडा सुमारे नऊ सेंटिमीटरचा. आधी पोलादी टेपने मोजलेल्या किमान ३०० मीटर सरळ तुकड्यावर चार फेऱ्या मारून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं, मग कोर्स, मग परत त्याच तुकड्यावर चार फेऱ्या. परत का? पहाटे सहाला टायर थंड असतो, नऊला रस्ता तापलेला असतो, टायर फुगतो, चाक मोठं होतं आणि आकडे कमी पडतात. बडोद्याच्या उन्हात हा फरक सोडून देण्यासारखा नाही. या सगळ्यावर आणखी १.००१ ने गुणतात, कोर्स चुकून छोटा ठरू नये म्हणून. त्यामुळे नीट मोजलेली हाफ मुळातच सुमारे २१ मीटर जास्त असते आणि फुल ४२ मीटर.

एवढं करूनही शर्यतीच्या सकाळी पोलीस बॅरिकेड सरकवतात, किंवा पोरं टर्नचा कोन चुकीच्या खांबापाशी ठेवतात. कोन पन्नास मीटर अलीकडे आला की कोर्स शंभर मीटर छोटा. म्हणून टर्नची जागा ‘अमुक दुकानासमोर’ अशी लिहायची नाही. विजेच्या खांबाचा नंबर, त्यापासून इतके मीटर, रस्त्यात खिळा आणि रंग, आणि सुरुवातीच्या अर्धा तास आधी तिथल्या कोनाचा फोटो मोजणाऱ्याच्या फोनवर. मोठ्यांचंही चुकतं. इंग्लंडमधली मँचेस्टर मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर छोटी निघाली आणि हजारोंच्या वेळा गेल्या. बँकॉकमध्ये २०१५ साली उलटं झालं: हाफवाल्यांना सहा किलोमीटर जास्त पळवलं.

बूटही तपासले जातात, पण फक्त पुढच्यांचे. रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये डेरारा हुरिसा पहिला आला आणि तळ ५ सेंटिमीटरचा निघाल्यामुळे बाद झाला. तुमच्याआमच्या बुटांची चिंता करू नका.

शर्यत ठरवून हरणं हे वेगळंच. एप्रिल २०२४ ची बीजिंग हाफ: तीन आफ्रिकी धावपटू फिनिशच्या तोंडाशी चीनच्या हे ज्ये याला हाताने ‘ये ये’ करत पुढे सोडतात, तो १:०३:४४ मध्ये एका सेकंदाने जिंकतो. चौघेही बाद, बक्षिसं परत. तिघांपैकी एकाने पेसर (दुसऱ्यासाठी वेग धरून देणारा) म्हणून आल्याचं सांगितलं. पेसर असणं गुन्हा नाही. पण मग यादीत पेसर लिहा आणि छातीवर तसा बिब लावा.

डोपिंगवर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं आणि बहुतेक सगळं ‘कोण सापडलं’ याबद्दल. माझ्या मते डोपिंगची तपासणी म्हणजेही मधल्या मॅटचाच खेळ आहे. शर्यतीच्या दिवशीची लघवी ही फिनिशची मॅट. ईपीओ (लाल पेशी वाढवणारं औषध) घेणारा ते शर्यतीच्या आदल्या रात्री घेत नाही. महिनाभर आधी घेतो आणि वेळेत थांबतो. औषध अंगातून जातं, वाढलेल्या लाल पेशी राहतात. मग मधे मॅट टाकायची कशी? दोन मार्गांनी. एक, वरच्या स्तरातल्या धावपटूने अचानक होणाऱ्या तपासणीसाठी दर दिवसाचा एक तास आणि जागा आधी कळवायची. बारा महिन्यांत तीनदा चुकला की तोच नियमभंग, नमुना असो वा नसो. माजी विश्वविक्रमवीर विल्सन किपसांगवर २०२० मध्ये चार वर्षांची बंदी आली ती अशा चुकांवर, आणि त्यावरच्या थापेवर. मे २०१९ मधल्या चुकलेल्या भेटीसाठी त्याने उलटलेल्या ट्रकचा फोटो दिला होता. तो अपघात ऑगस्टमधला निघाला.

दुसरा मार्ग रक्ताचा पासपोर्ट. यात औषध शोधतच नाहीत, माणसाचे स्वतःचेच स्प्लिट बघतात. ऑफ-स्कोअर नावाचा आकडा असतो: लिटरमागे हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये, वजा ६० गुणिले नव्या लाल पेशींच्या टक्केवारीचं वर्गमूळ. हिमोग्लोबिन १५० आणि नव्या पेशी १ टक्का, तर स्कोअर ९०. ईपीओ थांबवल्यावर शरीर म्हणतं, पेशी भरपूर आहेत, नव्या नकोत. मग हिमोग्लोबिन १६५ आणि नव्या पेशी ०.३ टक्के, स्कोअर १३२. हा वरच्या ३:४३ च्या पेससारखाच आकडा: एकटा काही सिद्ध करत नाही, आगेमागे बघायला लावतो. उंचावरच्या सरावानेही तो हलतो, म्हणून तज्ज्ञ सगळी मालिका वाचतात.

आणि मॅटचा मालकच विकला गेला तर? रशियाची मॅरेथॉनपटू लिलिया शोबुखोवा हिचं प्रकरण तसं. पासपोर्टमधली गडबड दाबण्यासाठी ४,५०,००० युरो दिले गेले. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे माजी अध्यक्ष लामीन डियाक यांना २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने भ्रष्टाचारात दोषी ठरवलं ते रशियन डोपिंग प्रकरणं झाकण्याच्या याच कारभारात.

रुथ चेपनगेटिचचं प्रकरण आपल्यासाठी जास्त कामाचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागोत २:०९:५६, बायकांत २:१० च्या आत पहिलीच. मार्च २०२५ च्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड, मिलिलिटरला ३,८०० नॅनोग्रॅम; कळवण्याची मर्यादा २०. तीन वर्षांची बंदी आली. शिकागोचा विक्रम मात्र कायम आहे, कारण निकाल रद्द झाले ते मार्चच्या नमुन्यापासून पुढचे. हे हायड्रोक्लोरोथायाझाइड म्हणजे काय? लघवी वाढवणारं, रक्तदाबाचं साधं औषध. आपल्याकडे बीपीच्या कितीतरी जोड-गोळ्यांत ते असतं, नावाच्या शेवटी बहुधा ‘एच’ असतो. पन्नाशीच्या धावपटूंनी घरातली पट्टी उलटून बघावी. कोणी गोळी बंद करू नये, पण बक्षिसाच्या गटात धावणार असाल तर डॉक्टरांकडून औषधासाठीच्या सवलतीचे कागद तयार ठेवावेत.

आणखी तीन गोष्टी, ज्यांत आपली माणसं हटकून अडकतात. ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत बंद. पाठदुखीच्या जोड-गोळ्यांत ते असतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल चालतं, पण २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत. आणि सलाईन. लांब पळून आल्यावर ओळखीच्या दवाखान्यात ‘एक बाटली लावून घेणं’ हे आपल्याकडे केस कापण्याइतकं सहज आहे. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं कायम बंद आहे, शर्यत असो वा नसो, आत नुसतं मीठपाणी असलं तरी. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांना सूट आहे, थकवा घालवण्याला नाही. औषधाचं नाव नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर टाकून बघता येतं. सप्लिमेंटच्या डब्यावर तसा भरवसा ठेवू नका. जिममधला माणूस ‘हर्बल आहे’ म्हणतो ते तर मुळीच धरू नका. ‘मोठ्यांचं राजकारण’ म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०२४ च्या पुण्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये घेतलेल्या नमुन्यातही ऑक्झँड्रोलोन हे स्टेरॉइड सापडलं होतं.

नमुना द्यायची वेळ आली तर गोंधळू नका. अधिकाऱ्याने ओळखपत्र दाखवून सांगितल्यापासून तुम्ही त्याच्या नजरेआड जायचं नाही. सीलबंद पेट्यांतली एक तुम्ही स्वतः निवडायची, भांडं स्वतः उघडायचं. किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. ती ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्यांत तुमच्याच हाताने ओतायची आणि झाकणं तुम्हीच आवळायची. घाईने लिटरभर पाणी ढोसलं तर लघवी फार पातळ येते आणि पुन्हा थांबावं लागतं. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायची, क्रोसिनसुद्धा. बाटलीवरचा आकडा आणि फॉर्मवरचा आकडा जुळतो का ते बघून मगच सही.

राहिली तक्रार. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचा फोटो टाकून ‘हा बघा चोर’ करू नये; रकाना चिपच्या चुकीने रिकामा असू शकतो, हे वर आलंच. मेल आयोजकांना आणि टायमिंग कंपनीला, एकाच वेळी, निकाल ‘तात्पुरता’ असेपर्यंत. त्यात बिब नंबर, गट, मधल्या मॅटच्या वेळा, त्यांवरून काढलेले पेस, आणि त्याच मॅटवर आगेमागे असलेल्या चार-पाच बिबांच्या वेळा. नाव लिहायची गरज नाही, विशेषणं तर नकोतच. शेवटी एकच मागणी: अमुक टर्नवरचा व्हिडिओ अमुक ते अमुक मिनिटांच्या दरम्यान बघावा. दहाची मॅट १:०५:१० ला लागली आणि टर्न तिथून तीन किलोमीटरवर असला, तर साडेसहाच्या पेसने तो तिथे १:२४:४० च्या सुमारास पोहोचायला हवा. आगेमागे पाच मिनिटं धरून १:१९ ते १:३० लिहा. आणि व्हिडिओत तो दिसला, तर दुसरा मेल पाठवून तक्रार मागे घ्या, त्याच दोघांना, त्याच दिवशी.